भाड्याचे पंख : एअर इंडिया आणि नव्या विमानांची दीर्घ प्रतीक्षा

#थ्रेड

१/
सप्टेंबर २०१२. एअर इंडियाचे पहिले बोइंग ७८७ ‘ड्रीमलायनर’ दिल्लीत उतरले. करारानुसार ते सप्टेंबर २००८ मध्येच यावयास हवे होते. म्हणजे चार वर्षांचा उशीर. परंतु ज्या खरेदी-प्रक्रियेची परिणती या विमानात झाली, तिचा उगम त्याहूनही मागे, १९९६ सालात सापडतो. सोळा वर्षे! या सोळा वर्षांत आपली राष्ट्रीय विमान कंपनी कशाच्या बळावर उडत राहिली? या प्रश्नाचे अर्धेअधिक उत्तर एका शब्दात आहे : भाडे. इतरांनी वापरून सोडलेली, कित्येकदा दशकभर जुनी विमाने भाड्याने घेऊन तिने हा काळ काढला. आजचा धागा त्या भाड्याच्या पंखांविषयी.

२/
मित्रहो, विमानांचा इतिहास म्हटला की आपण पहिली उड्डाणे, विक्रम आणि अपघात आठवतो. भाडेकरार कोण वाचतो? पण एअर इंडियाचे जे झाले ते समजून घ्यायचे तर हेच कागद वाचावे लागतात. ऑगस्ट २०२१ अखेर या कंपनीवर ६१,५६२ कोटी रुपयांचे कर्ज होते. कंपनी सरकारी, म्हणजे हा भार अखेरीस तुमच्या-आमच्यावर. हा डोंगर एका दिवसात उभा राहिला नाही. वेळेवर न घेतलेले निर्णय आणि नंतर घाईने घेतलेले निर्णय, अशा दोन्ही प्रकारच्या दगडांनी तो रचला गेला.

३/
प्रथम थोडी पार्श्वभूमी. विमान भाड्याने देणे हा स्वतंत्र धंदा म्हणून आकारास आला तो १९७० च्या दशकात. १९७३ मध्ये अमेरिकेत ‘इंटरनॅशनल लीज फायनान्स कॉर्पोरेशन’ स्थापन झाली. आयर्लंडमध्ये एअर लिंगस या कंपनीकडे एक अवजड बोइंग ७४७ काम नसल्याने पडून होते. टोनी रायन या अधिकाऱ्याने ते थायलंडच्या ‘एअर सियाम’ला भाड्याने दिले, आणि त्याच अनुभवातून १९७५ मध्ये शॅननला ‘गिनेस पीट एव्हिएशन’ ही कंपनी जन्मास आली. आज जगातील विमान-भाड्याच्या व्यवसायाचे मोठे केंद्र आयर्लंड आहे, त्याची बीजे येथे आहेत.

४/
भाड्याचे मुख्य प्रकार दोन. ‘ड्राय लीज’मध्ये केवळ विमान मिळते, वैमानिक, कर्मचारी, देखभाल सर्व आपले. ‘वेट लीज’मध्ये विमानासह वैमानिक, देखभाल आणि विमाही मालकाचाच.

मराठ्यांच्या घोडदळाशी परिचय असलेल्यांस हे लगेच उमगेल. बारगीर म्हणजे सरकारच्या घोड्यावर बसणारा स्वार. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीस येणारा. स्वतःच्या मालकीची विमाने म्हणजे बारगिरांची पागा. वेट लीज म्हणजे शिलेदार. आणि ड्राय लीज? घोडा भाड्याचा, स्वार आपला. छत्रपती शिवाजी महाराजांनी बारगिरांवर अधिक भर का दिला, याचा विचार मनात ठेवून पुढे वाचा.

५/
वेट लीज हे अडीअडचणीचे साधन आहे. उदाहरण पाहा. १९९२-९३ च्या सुमारास इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप चालू होता. सेवा चालू ठेवण्यासाठी उझबेकिस्तान एअरवेजची टुपोलेव्ह-१५४ विमाने त्यांच्याच वैमानिकांसह आणली गेली. ९ जानेवारी १९९३ रोजी हैदराबादहून दिल्लीस आलेले असेच एक विमान धुक्यात उतरताना उलटले आणि त्यास आग लागली. विमानातील सर्व १६५ जण वाचले, हे केवळ आश्चर्य. विमानावरचे नाव एका कंपनीचे, चालविणारे दुसरीचे : हे अंतर किती महाग पडू शकते, याची ती जाणीव होती.

६/
याचा अर्थ भाड्याचे विमान म्हणजे नालायकीची खूण, असा मुळीच नाही. २५ ऑक्टोबर १९८५ रोजी दुबईत ‘एमिरेट्स’ या नव्या कंपनीने उड्डाणे सुरू केली. तिच्या पहिल्या गंतव्यस्थानांत कराची आणि मुंबई होती. तिच्याजवळची मुख्य विमाने कोणाची? पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सकडून वेट लीजवर घेतलेले एक बोइंग ७३७ आणि एक एअरबस ए-३००! पण १९८७ मध्ये तिची स्वतःची नवी ए-३१० विमाने आली. दोन वर्षांत भाड्याचा टप्पा ओलांडून ती पुढे गेली. पुढे हीच कंपनी भारतातील प्रवासी दुबईमार्गे युरोप-अमेरिकेस नेऊ लागली. एअर इंडियाचे प्रवासी तिने आणि तिच्यासारख्यांनी कसे ओढून घेतले, हे सर्वश्रुत आहे.

७/
एअर इंडियाचीही जुनी परंपरा वेगळी होती. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनकडे झेपावलेले ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन त्या काळातील अग्रगण्य विमान होते. १९६० मध्ये बोइंग ७०७ येऊन कंपनीने जेट युगात प्रवेश केला. एप्रिल १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिले ७४७ मुंबईस आले. १९८६ मध्ये एअरबस ए-३१०, आणि १९९३ मध्ये बोइंग ७४७-४००. म्हणजे साधारणतः दर दशकात एकदा तरी ताफ्याचे नूतनीकरण होत असे. १९४८ ते १९९३ या पंचेचाळीस वर्षांत ही साखळी तुटली नव्हती.

८/
७४७-४०० मालिकेतील सहा विमानांची नावे भारतीय वारशावरून ठेवलेली होती : कोणार्क, तंजावर, खजुराहो, अजिंठा, आग्रा आणि ‘वेल्हा गोवा’ म्हणजे जुने गोवे. यांतील अखेरची विमाने १९९६ मध्ये आली. महाराष्ट्र आणि गोवा या दोहोंची नावे मिरविणारी ही मालिका म्हणजे एका युगाचा शेवट होता. यानंतर एअर इंडियाने स्वतःसाठी नवीन विमानांची मोठी मागणी नोंदविली ती थेट डिसेंबर २००५ - जानेवारी २००६ च्या सुमारास. मधली जवळपास दहा वर्षे कोरी गेली.

९/
कोरी का गेली? पैसा नव्हता, हे एक कारण. पण निर्णय नव्हता, हे अधिक मोठे. नवीन विमानांचा विचार १९९६ मध्ये सुरू झाला. प्रस्ताव तयार होत, बदलत, पुन्हा तपासले जात. २००० साली सरकारने एअर इंडियातील हिस्सा विकण्याचे ठरविले. टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांनी एकत्र येऊन रस दाखविला. परंतु २००१ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने माघार घेतली आणि तो बेत बारगळला. जे घर विकायचे ठरले आहे, त्याची दुरुस्ती कोण करतो? विक्री होणार की नाही, या संभ्रमात मोठी खरेदी मागे पडत राहिली.

१०/
पण वेळापत्रक थांबत नाही. आखातातील नोकरदार, अमेरिकेतील विद्यार्थी, लंडनचे नातेवाईक : सर्वांना जायचे-यायचे असते. जुनी विमाने थकत होती. मग उरला एकच मार्ग. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे दहा वर्षे एअर इंडियाने ए-३१० आणि ७४७-४०० जातीची वापरलेली विमाने भाड्याने घेतली. २००५ च्या सुमारास अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सच्या ताफ्यातून बाहेर पडलेली बोइंग ७७७-२०० ही विमानेही आली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर जगभर विमान वाहतूक मंदावली होती आणि अनेक विमाने रिकामी पडली होती. भाडेकरूस बाजार अनुकूल होता. भाड्याचा निर्णय त्या क्षणी शहाणपणाचाच वाटला असणार.

११/
अडचण पुढे सुरू होते. एकाच नावाची दोन विमाने एकसारखी नसतात. युनायटेडकडून आलेल्या ७७७ ला प्रॅट अँड व्हिटनीची इंजिने होती. २००७ पासून आलेल्या स्वतःच्या नव्या ७७७ ला जनरल इलेक्ट्रिकची. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही ‘ट्रिपल सेव्हन’च. पण हँगरमधील तंत्रज्ञासाठी ती दोन वेगळी यंत्रे : सुटे भाग वेगळे, अवजारे वेगळी, प्रशिक्षण वेगळे, अडचणीला राखून ठेवायचे इंजिनही वेगळे. चार-पाच विमानांच्या छोट्या गटासाठी ही सर्व व्यवस्था उभारणे म्हणजे चार पाहुण्यांसाठी स्वतंत्र मुदपाकखाना चालविण्यासारखे आहे.

१२/
हाच गोंधळ प्रवाशाच्या वाट्यासही येतो. प्रत्येक जुन्या मालकाने आसने, पडदे, स्वयंपाकाच्या खणांची मांडणी आपापल्या पद्धतीने केलेली असते. ऐनवेळी एक विमान बिघडले आणि त्याजागी त्याच जातीचे दुसरे आणले, तर आसनांचा नकाशाच बदलतो. खिडकीजवळची जागा मिळालेला प्रवासी मध्ये जाऊन बसतो. वरच्या वर्गातील काहींना जागाच उरत नाही. प्रवाशाला दिसते ती कंपनीची बेपर्वाई. वस्तुतः ती अनेकदा उसनवारीच्या ताफ्याची अटळ परिणती असते.

१३/
आणि आता या प्रकरणाचा गाभा. भाड्याच्या विमानात नवी आसने, नवे पडदे बसवावेत का? त्यास कोट्यवधी रुपये लागतात, महिनाभर विमान जमिनीवर राहते, आणि दोन-तीन वर्षांनी ते मालकास परत जायचे असते. भाड्याच्या खोलीत स्वखर्चाने फरशी कोण बदलतो? म्हणून आसने तशीच राहतात. पडदे तुटतात, दिवे मालवतात. अधिक पैसे देणारा प्रवासी दुसऱ्या कंपनीकडे वळतो. उत्पन्न घटते. उत्पन्न घटले की नवे विमान घेण्याची ऐपत आणखी कमी होते, आणि भाडेकराराची मुदत वाढवावी लागते. हे चक्र एकदा फिरू लागले की ते थांबविणे फार कठीण.

१४/
येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जुने विमान म्हणजे धोकादायक विमान नव्हे. विमानाचे वय केवळ वर्षांत मोजत नाहीत. उड्डाणाचे तास आणि उड्डाणांची संख्या याही मोजतात. प्रत्येक उड्डाणात विमानाच्या आत हवेचा दाब भरला जातो आणि उतरताना कमी होतो. धातू जणू एक श्वास घेतो आणि सोडतो. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे छत हवेतच उडाले. ते विमान १९ वर्षांचे होते, पण त्याची उड्डाणे तब्बल ८९,००० हून अधिक झाली होती. त्यानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम जगभर कडक झाले. नियमानुसार देखभाल झाली तर वीस वर्षांचे विमानही निर्धोक उडते. फक्त ती देखभाल महाग असते.

१५/
तरीही जनतेच्या मनात वय आणि भय यांची गाठ पक्की असते. १७ जुलै २००० रोजी अलायन्स एअरचे बोइंग ७३७-२०० पाटण्यास उतरताना वस्तीवर कोसळले. विमानातील ५५ आणि जमिनीवरील ५ असे ६० जण मृत्युमुखी पडले. हे विमान भाड्याचे नव्हते. ते इंडियन एअरलाइन्सच्याच कुळातील, वीस वर्षांचे होते. चौकशीत दोष विमानाच्या वयास नव्हे, तर उतरताना झालेल्या हाताळणीस दिला गेला. पण देशभर प्रश्न एकच विचारला गेला : इतकी जुनी विमाने अजून का उडताहेत? त्या प्रश्नामागे वर्षानुवर्षे लांबलेल्या खरेदीविषयीचा संताप होता, आणि तो अनाठायी नव्हता.

१६/
भाड्याचे विमान परत करणे हे घेण्याहूनही अवघड. करारात लिहिलेले असते की, विमान ठरलेल्या अवस्थेतच परत यावयास हवे : इंजिनांत अमुक आयुष्य शिल्लक, चाकांचे सांगाडे अमुक तासांच्या आतले, रंग अमुक. सर्वांत कठीण अट कागदांची. इंजिनातील ज्या भागांचे आयुष्य मर्यादित असते, त्यांच्या जन्मापासूनच्या नोंदी दाखवाव्या लागतात. भाग उत्तम स्थितीत आहे, पण त्याचा इतिहास हरवला, तर त्याची किंमत जवळपास शून्य. इतिहासप्रेमी मित्रांनो, कागदपत्रांवाचून वस्तूस मोल नाही, हे तत्त्व आपल्या दफ्तरखान्यांइतकेच हँगरमध्येही पाळले जाते!

१७/
आता २००४ कडे येऊ. जानेवारी २००४ मध्ये २८ विमानांच्या खरेदीचा प्रस्ताव पुढे होता. सरकार बदलल्यानंतर त्याच वर्षी तो मागे घेऊन नव्याने विचार झाला आणि नोव्हेंबरपर्यंत आकडा ६८ वर पोहोचला : ५० मोठी विमाने एअर इंडियासाठी आणि १८ छोटी ‘एअर इंडिया एक्स्प्रेस’साठी. सूचिमूल्य ११ अब्ज डॉलरहून अधिक. शिवाय इंडियन एअरलाइन्ससाठी ४३ एअरबस. आठ वर्षे एकही विमान नाही, आणि मग एकाच दमात शंभराहून अधिक! २०११ मध्ये संसदेसमोर आलेल्या भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने या दोन्हींवर बोट ठेवले : प्रक्रियेस लागलेला अवाजवी विलंब, आणि नंतर जवळपास सर्वस्वी कर्जावर उभारलेली ही प्रचंड खरेदी.

१८/
२००७ मध्ये ७७७-२००एलआर ही लांब पल्ल्याची नवी विमाने येऊ लागली. १ ऑगस्ट २००७ रोजी मुंबई ते न्यूयॉर्क अशी थेट सेवा सुरू झाली. मुंबईकरांसाठी ती अभिमानाची गोष्ट होती. परंतु इतक्या लांबच्या उड्डाणात विमान स्वतःचे इंधन वाहून नेण्यासाठीच पुष्कळ इंधन जाळते. जुलै २००८ मध्ये खनिज तेल पिंपास १४७ डॉलरपर्यंत चढले, आणि पाठोपाठ जागतिक मंदी आली. त्याच सुमारास, ऑगस्ट २००७ मध्ये, एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झालेले. दोन संस्कृती, दोन वेतनश्रेणी, दोन प्रकारचे ताफे, आणि डोक्यावर नव्या कर्जाचे हप्ते.

१९/
ताफ्याचा कणा ठरणारे ७८७ मात्र येईना. ८ जुलै २००७ रोजी बोइंगने ते थाटात जगासमोर आणले खरे. पण ते आतून अपूर्ण होते. पंख जपानमध्ये, धडाचे भाग इटलीत आणि अन्यत्र, अशी विभागलेली निर्मिती जुळता जुळेना. तात्पुरते बसविलेले जोडखिळे नंतर काढून बदलावे लागले. पहिले उड्डाण झाले १५ डिसेंबर २००९ रोजी, आणि जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजला पहिले विमान मिळाले सप्टेंबर २०११ मध्ये. या प्रत्येक तारखेचा अर्थ मुंबई-दिल्लीत एकच होता : जुनी विमाने आणखी काही काळ वापरा. विलंब सिएटलमध्ये होतो, त्याचे भाडे मुंबईत भरले जाते.

२०/
विमान आल्यावरही सुटका नव्हती. जानेवारी २०१३ मध्ये जपानी कंपन्यांच्या ७८७ मध्ये लिथियम-आयन बॅटऱ्या पेटण्याच्या, जळण्याच्या घटना घडल्या आणि १६ जानेवारीस अमेरिकेच्या नियामकाने या जातीची विमाने जमिनीवर ठेवण्याचा आदेश दिला. एअर इंडियाजवळ तेव्हा अशी सहा विमाने होती. मे २०१३ पर्यंत ती उभीच राहिली. नव्याची वाट पाहताना जुने फार लवकर सोडू नये, हा धडा जगभरच्या कंपन्यांनी त्या चार महिन्यांत गिरविला.

२१/
पुढे दोन गोष्टी घडल्या, ज्यांत या कथेचा सारा उपरोध साठला आहे. पहिली : एवढ्या प्रतीक्षेनंतर आलेली अनेक ७८७ विमाने एअर इंडियाने वित्तकंपन्यांना विकली आणि त्यांच्याकडूनच पुन्हा भाड्याने घेतली. यास ‘सेल अँड लीजबॅक’ म्हणतात. हाती रोकड येते, मालकी जाते. दुसरी : २००७ नंतर अभिमानाने आणलेल्या आठ ७७७-२००एलआर विमानांपैकी पाच विमाने २०१३-१४ मध्ये अबुधाबीच्या एतिहाद एअरवेजला विकली. तोट्याचे ओझे कमी करण्यासाठी तो निर्णय झाला. हा ‘पाच’ आकडा लक्षात ठेवा.

२२/
या खरेदीतून महाराष्ट्रास एक कायमस्वरूपी गोष्ट मात्र मिळाली. २००५-०६ च्या कराराचा भाग म्हणून बोइंगने भारतात विमान-देखभालीचे केंद्र उभारण्याचे वचन दिले होते. ते नागपूरच्या मिहान प्रकल्पात उभे राहिले आणि २०१५ पासून एअर इंडियाच्या अभियांत्रिकी कंपनीमार्फत कामास लागले. मुंबईत सांताक्रूझच्या जुन्या विमानतळावरील हँगरांत दशकानुदशके जे ज्ञान साठले होते, त्यास विदर्भात एक नवे घर लाभले. विमाने येतात आणि जातात. ती दुरुस्त करता येणारे हात मागे राहतात. माझ्या मते या साऱ्या व्यवहारातील सर्वांत टिकाऊ कमाई हीच.

२३/
२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे गेली. बोली १८,००० कोटींची : १५,३०० कोटींचे कर्ज स्वीकारून २,७०० कोटी रोख. नव्या मालकांपुढे प्रश्न जुनाच होता. नवी विमाने मागविली तरी ती येण्यास वर्षे लागणार, तोवर काय? सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीने ३० विमाने भाड्याने घेत असल्याचे जाहीर केले. त्यांत मोठी विमाने किती? पाच. आणि कोणती? बोइंग ७७७-२००एलआर! अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सने २०२० मध्ये निवृत्त केलेली. ज्या जातीची पाच विमाने आपण विकली, त्याच जातीची पाच वापरलेली विमाने आठ-नऊ वर्षांनी भाड्याने आली, आणि मुंबईहून सॅन फ्रान्सिस्को व न्यूयॉर्कच्या सेवेस लागली.

२४/
मात्र या वेळी एक फरक होता. भाड्याच्या घोषणेनंतर पाच महिन्यांतच, १४ फेब्रुवारी २०२३ रोजी, ४७० नव्या विमानांची मागणी जाहीर झाली : २५० एअरबस आणि २२० बोइंग. डिसेंबर २०२३ मध्ये पहिले ए-३५० दाखलही झाले. ४० कोटी डॉलर खर्चून जुन्या विमानांची अंतर्भागे बदलण्याचे काम हाती घेण्यात आले. पण महासाथीनंतर जगभर आसनांपासून इंजिनांपर्यंत सर्वच सुट्या भागांची टंचाई झाल्याने तेही रेंगाळले. म्हणजे प्रतीक्षा आजही आहे. फरक इतकाच की, आता प्रतीक्षेच्या शेवटी काय येणार हे लिहून ठरलेले आहे.

२५/
तर या इतिहासातून हाती काय लागते? भाड्याचे विमान हा पूल आहे. पूल पैलतीरी जाण्यासाठी असतो. त्यावर संसार थाटायचा नसतो. एमिरेट्सने दोन वर्षांत तो ओलांडला, कारण पैलतीर आधीच ठरला होता. एअर इंडिया दहा वर्षे त्यावर थांबली, कारण पैलतीर कोणता हेच कोणी ठरविले नव्हते. दोष भाड्याचा नाही, अनिर्णयाचा आहे. आणि अनिर्णयाची किंमत ताळेबंदात कोणत्याही एका रकान्यात लिहिलेली सापडत नाही, म्हणूनच ती इतकी वाढत जाते.

२६/
शिवकालात पागेतील घोडा सरकारचा असावा, हा आग्रह केवळ खर्चाचा हिशेब नव्हता. मोहीम कधी निघेल हे घोड्याच्या मालकाने नव्हे, राज्याने ठरवावे, हा त्यामागचा विचार होता. तरीही शिलेदारांची गरज कधी संपली नाही. दोहोंचे प्रमाण राखणे हीच खरी कारभाराची कसोटी. विमान कंपनी असो, एस.टी. महामंडळ असो वा आणखी कोणती सार्वजनिक संस्था; ती काही साधने भाड्याने घेत असेल तर रागावू नका. फक्त एक प्रश्न अवश्य विचारा : हे किती दिवसांसाठी, आणि त्यानंतर काय?

धागा येथे पूर्ण. विमान वाहतुकीच्या इतिहासातील आणखी कोणत्या प्रकरणावर वाचायला आवडेल, ते जरूर कळवा.